बदलापूरचे फावडे

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे माणसाने निदान एखादा घाट तरी ओलांडलेला असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. दिवाळी अंकात तर काश्मीरच्या खाली सहसा कोणी उतरत नाही. माझा प्रवास त्या मानाने अगदीच किरकोळ. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि तेथून उलटे फिरून मुरबाड तालुक्यातले म्हसा, एवढाच. त्याचे निमित्तही सांगायला संकोच वाटावा असेच आहे. मी एक फावडे आणायला निघालो होतो.

फावडे ही काय शोधायची वस्तू झाली, असे कोणीही विचारील. मलाही तसेच वाटत होते.

आमचे बदलापूर मुंबईहून लोकलने ६८ किलोमीटर. अंबरनाथ मागे पडले की उजव्या हाताला मलंगगडाची रांग आणि चंदेरीचा सुळका दिसू लागतो, आणि दाराशी लोंबकळणाऱ्या माणसालाही क्षणभर आपण घरी आलो असे वाटते. स्टेशनच्या एका बाजूला कुलगाव, ती पूर्व. दुसऱ्या बाजूला जुने गाव आणि उल्हास नदी, ती पश्चिम. आता गंमत अशी की, कल्याणनंतर रेल्वे आग्नेयेला वळते, पण पूर्व-पश्चिम मात्र मुंबईचीच चालू राहते. त्यामुळे आमच्या पश्चिमेकडेच सूर्य उगवतो. सुरतेकडे जाणाऱ्या मराठी फौजा येथे घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर, असे गावातली जुनी माणसे सांगतात. आता घोडे नाहीत. बदलायचे म्हणजे घरे. वाड्याच्या जागी चाळ, चाळीच्या जागी चार मजले आणि चार मजल्यांच्या जागी चौदा.

आम्हीही असेच बदललो. २०१२ साली जुने कौलारू घर सोडून नदीच्या अंगाला एका सोसायटीत तळमजल्यावर राहायला गेलो. सामान आवरताना पडवीत वडिलांचे फावडे आणि कुदळ निघाली. वडील जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. फ्लॅटमध्ये कुदळ कोठे ठेवायची, असा माझा व्यवहारी प्रश्न. भंगारवाल्याने दोन्ही तराजूत घातली आणि शंभराची एक नोट माझ्या हातावर ठेवली. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. त्यावेळी मला वाटले, तिला पटले.

आईचे माहेर बारवी धरणाच्या अंगाचे. १९७२ साली धरण झाले, पुढे त्याची उंची वाढवली, आणि मामांच्या शेताचा खालचा तुकडा पाण्याखाली गेला. उल्हासनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या नळाला बारवीचेच पाणी येते. मावशीकडे गेली की आई पेला भरून घेते आणि म्हणते, “आमच्या खाचराचं पाणी.” यात विनोद किती आणि दुसरे काही किती, हे मला अजून नीट ओळखता आलेले नाही.

गेल्या आषाढात मामांच्या बांधावरच्या जांभळीच्या बिया ती पदरात बांधून घेऊन आली. जांभळाची बी फार दिवस तग धरीत नाही, वाळली की मेली. म्हणून त्याच संध्याकाळी तिने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून बिया लावल्या. एका बीतून दोन-दोन कोंब आले. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, ही बातमी मी तिला वाचून दाखवली. तिने विचारले, “मग झाडं कुठायत?” मार्गशीर्षात रोपे वीतभर झाली आणि तिने फर्मान काढले, “मागच्या अंगणात खड्डा खण. आत्ता खणला तर उन्हाळाभर तापेल, मिरगाला रोप लावता येईल.” आईचे वय शहात्तर. बियांपासून वाढवलेली जांभळी फळाला यायला आठ-दहा वर्षे लागतात. हे गणित आम्ही दोघांनीही मनातल्या मनात केले आणि मनातच ठेवले.

तर फावडे हवे होते. स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी एक घेऊन आलो. हिरवा रंग, लोखंडी नळीचा दांडा, वर रबराची मूठ. दिसायला असे देखणे की घरात शोभेला ठेवावे. रविवारी सकाळी खणायला सुरुवात केली. वीतभर खाली गेलो आणि पाते दगडाला अडले. मी दांड्यावर भार टाकून दगड उचकटू लागलो. पाते हलले, दगड हलला नाही. मी चिडून फावडे डोक्यावर उगारले आणि खाली आणताना हात एकदम हलका झाला. पाते नळीपासून सुटून शेजारच्या मुलाच्या अंगावरून भिंतीवर जाऊन आदळले. तो सात वर्षांचा मुलगा ‘काका काय करतात’ ते पाहायला आला होता. त्याच्या कानापासून हातभर अंतर असेल. तो हसला. त्याला ती गंमत वाटली. मी मात्र पायरीवर बसलो तो अर्धा तास उठलो नाही.

टिकाऊ हत्यार म्हणजे पैसे वाचवणारे हत्यार, एवढीच माझी तोवरची कल्पना होती.

तुटलेले पाते पिशवीत घालून मी अंबरनाथला गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तेथील औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप चालवतो. मराठीत तो काठावर पास झाला होता, पण लोखंड त्याला वाचता येते. त्याने पाते उलटेपालटे केले आणि सांगितले, “सर, हा नुसता पत्रा आहे. नळीला दोन ठिकाणी टाके मारलेत वेल्डिंगचे. वर रंग दिलाय, म्हणून दिसत नाही.” मग त्याने कानस घेऊन कडेवर ओढली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. जुन्या पटाशीवर तीच कानस ओढली, तर नुसती घसरली. ग्राइंडरला पाते लावल्यावर लांब, सरळ, थोड्याच ठिणग्या उडाल्या. पटाशीच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटत होत्या. लोखंडात कार्बन किती, त्यावर हा सारा खेळ. साध्या पोलादात तो शेकडा पाव किंवा त्याहून कमी असतो, आणि त्याला कितीही तापवून पाण्यात बुडवा, त्याला पाणी चढत नाही. अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेले की ते धार धरू लागते. मात्र नुसते कडक करूनही भागत नाही. कडक पाते दगडावर काचेसारखे टवकते. म्हणून पाणी दिल्यावर पुन्हा बेताने तापवायचे आणि पृष्ठावर पिवळ्यानंतर जांभळट-निळा रंग चढला की थांबायचे. ‘पाणीदार’ हा शब्द मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. त्याचा रंग निळा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

परतताना वालधुनीच्या काठी शिवमंदिरात गेलो. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे देऊळ. त्यावरची शिल्पे पाहायला लोक लांबून येतात, मीही अनेकदा पाहिली आहेत. या वेळी मनात आले, आपल्या या काळ्या कठीण पाषाणावर किती छिन्न्या बोथट झाल्या असतील! शिल्पकारांच्या जोडीला येथे लोहाराची भट्टीही रोज पेटत असली पाहिजे. एखाद्या छिन्नीला पाणी कमी पडले, तर यक्षिणीचे नाक गेले. त्या लोहारांची चौकशी कोणी करीत नाही.

विद्यार्थ्याने सांगितले होते, “उल्हासनगरला बघा, तिथे नाही अशी वस्तू नाही.” हे खरेच आहे. महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या बाजूला इतका जुना झाला आहे की आता त्यावर सिंधी माणसेच आधी हसतात. विठ्ठलवाडीला उतरून कॅम्प नंबर चारच्या अंगाने मी चार दुकाने फिरलो. पाचव्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी माझे तुटके पाते काढून दाखवले. त्यांनी ते हातात न घेता म्हटले, “मास्तरजी, ऐसा मेरे पास भी है. आपको नहीं दूँगा.”

त्यांनी आतून एक दांडा नसलेले फावडे काढले. जमशेदपूरच्या टाटांच्या ॲग्रिको छापाचे. काळे, ओबडधोबड, रंगाचा नखरा नाही. दांडा घालायचे भोक, ज्याला आपण नेढे म्हणतो, ते वेगळे जोडलेले नव्हते. पात्याच्याच लोखंडातून घडवलेले होते. म्हाताऱ्यांनी ते दोन बोटांवर लटकवले आणि पाना मारला. देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघाला आणि बराच वेळ राहिला. मग माझ्या फावड्यावर मारला. ते डब्यासारखे वाजले. चीर असली, जोड कच्चा असला, तर नाद मरतो, मातीच्या मडक्यासारखेच. “दांडा वेगळा घ्या,” ते म्हणाले, “दांडा मोडणारच. लोखंड राहील.”

घरी आल्यावर मी फावडे आईपुढे ठेवले. तिने नेढ्यात बोट घालून पाहिले, पात्याचा बाक पाहिला आणि ती म्हणाली, “फावडं चांगलं आहे. पण खणणार कशाने?”

मी चकित झालो. “म्हणजे? याने.”

“अरे, फावडं माती ओढायला असतं. खणायला कुदळ लागते आणि दगड काढायला पहार. तू फावड्याने दगड उचकटलास, ते मोडणार नाही तर काय?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू फावडंच आणायचं म्हणालास. शिकलेला माणूस, मी काय बोलू?”

म्हणजे त्या दुकानदाराइतका मीही दोषी होतो. विलायती शॉवेल पायाने दाबून जमिनीत घालतात. त्यासाठी पायात जाड बूट हवेत आणि माती मऊ हवी. आपल्याकडे माणूस अनवाणी राबत आला, म्हणून आपले हत्यार कमरेच्या झोताने चालते. वरून येते आणि स्वतःकडे ओढते. शिवाय आमच्या अंगणातली माती म्हणजे माती नव्हेच. वर बिल्डरने टाकलेले विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळे, खाली भरावाचा मुरूम, आणि त्याखाली हात-दीड हातावर जुन्या भातखाचराची काळी जमीन. अध्येमध्ये नदीचा गाळ. २६ जुलै २००५ ला उल्हास गावात शिरली होती. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. त्या वेळी आमच्या अंगणातही नदीने चार बोटे गाळ टाकला होता. अशा जमिनीला एक हत्यार पुरत नाही.

येथे मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. १९०३ च्या सुमारास बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत आणि नांगर पडून राहत. आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. पण शेतकऱ्याने नवे हत्यार हाती घेण्यापूर्वी आपल्या जमिनीला काय होईल हे विचारले होते. मी फक्त रंग पाहिला होता.

पौष पौर्णिमेला म्हसा गावची म्हसोबाची यात्रा सुरू होते. “कुदळ तिथंच घेऊ,” आई म्हणाली. तिला कुदळीपेक्षा माहेरच्या वाटेने जायचे होते, हे मी ओळखले. मुळगाव मागे टाकून बारवीच्या बाजूने रस्ता जातो. धरणाचे पाणी झाडांतून दिसू लागले, तशी तिने रिक्षावाल्याला थांबायला सांगितले. खाली उतरून ती पाण्याकडे पाहत उभी राहिली. मग बोटाने एक जागा दाखवली. मला पाण्याशिवाय काही दिसले नाही. “चला,” ती म्हणाली.

म्हसाची यात्रा बैलांची आणि घोंगड्यांची. शिंगे रंगवलेली खिल्लारे, धुरळा, भज्यांचा वास, पाळण्यांचा कर्कश भोंगा. या सगळ्याचे वर्णन मोठमोठ्या लेखकांना करता येईल, मला पुढे जायचे आहे. एका कडेला हत्यारांची दुकाने होती आणि त्यांच्या टोकाला घिसाड्यांची दोन पाले. जमिनीत खड्डा करून भट्टी केलेली. भात्याची जागा आता हाताने फिरवायच्या पंख्याने घेतली आहे. पुरुष सांडशीत तापले लोखंड धरून बसलेला आणि समोर बाई उभी राहून दोन्ही हातांनी घण घालीत होती. लुगड्याचा काचा, कपाळावर घामाचे पाट, घण मात्र ऐरणीवर प्रत्येक वेळी त्याच जागी. बाजूला ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे रचलेले. हे पाटे मोठ्या मोलाचे. ट्रकचा भार वर्षानुवर्षे झेलून परत सरळ होणारे पोलाद ते, आणि त्याला पाणी उत्तम चढते.

आई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिने सहा कुदळी पाहिल्या. टोकाकडे पाहत नव्हती, नेढ्याकडे पाहत होती. एकीचे नेढे वेडेवाकडे म्हणून बाजूला ठेवली, दुसरीचे खालून-वरून सारखेच रुंद म्हणून ठेवली. मला म्हणाली, “वरून रुंद, खालून चिंचोळं पाहिजे. दांडा वरून घालायचा, म्हणजे जेवढी मारशील तेवढी घट्ट बसेल. निसटून कोणाच्या अंगावर जायची नाही.” शेजारच्या मुलाची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. ती तिला कोणी सांगितली होती, कोण जाणे.

“आजी, ही घ्या,” घण ठेवून बाई म्हणाली, “बोथट झाली तर पुढच्या वर्साला आणा. शेवटून देईन.”

शेवटणे! बोथट हत्यार तापवून, ठोकून पुन्हा टोक काढणे. हा शब्द मी कोशात पाहिला होता, कोणाच्या तोंडून ऐकत होतो तो पहिल्यांदा. माझे हिरवे फावडे शेवटता आले नसते आणि त्याचा दांडाही बदलता आला नसता. ते मोडले की संपले. आई निवडीत होती ते सारे मोडल्यावर पुन्हा उभे करता येईल असे होते. बदलापुरात इतकी वर्षे राहून घोडे बदलण्याच्या गोष्टीतला हा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

दांडे तिने दुसऱ्या दुकानात घेतले, धावड्याचे. बाभळीचेही होते, पण एकाला मध्येच गाठ होती, दुसऱ्याची रेघ तिरपी गेली होती. लाकडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पाहिजे. तिरपी रेघ जेथे बाहेर पडते, तेथेच दांडा मोडतो. लांबी माझ्या कमरेच्या थोडी वर. घरी आणून आठ दिवस जवसाचे तेल पाजले, मग पाचर मारून दोन्ही हत्यारे सिद्ध केली. सैल दांडा रात्रभर पाण्यात बुडवून घट्ट करायची युक्ती मी ऐकली होती. आईने ती मोडीत काढली. वाळला की पुन्हा सैल होतो, आणि आतून कुजतो तो निराळाच. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण किती पिढ्यांना समजावून सांगितली असेल मी. दांडा मात्र आयुष्यात पहिल्यांदा बसवीत होतो.

खणण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी तिने जागेवर चार बादल्या पाणी ओतायला लावले आणि दुसरा दिवस मध्ये जाऊ दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी जमीन वाफशावर आली होती. चिकटत नव्हती, ठणठणतही नव्हती. शेजाऱ्यांची पहारही मागून आणली. शेजारचा मुलगा पायरीच्या वर उभा राहील, अशी व्यवस्था केली. कुदळीने फोडायचे, पहारेने दगड हलवायचा, फावड्याने ओढायचे. तीन फूट खोल, तीन फूट रुंद खड्डा व्हायला दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी काळी माती लागली. आईने खाली वाकून मूठभर घेतली, वास घेतला आणि परत खड्ड्यात टाकली.

सोसायटीच्या चिटणीसांनी दोन वेळा येऊन इमारतीच्या पायाला धोका आहे असे बजावले होते. पाया वीस फुटांवर होता. मी वाद घातला नाही, टेप धरून दाखवला. मृगाचा पाऊस यंदा थोडा उशिरा आला. रोप लावले, त्याच्या बाजूला काठी बांधली आणि आईने हत्यारे धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून दारामागे उभी केली. जेथे ठेवायला जागा नाही असे मला २०१२ साली वाटले होते, तेथेच.

पंधरा दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि गेटजवळचे गटार तुंबले. चिटणीस छत्री घेऊन दाराशी आले. नगरपरिषदेची माणसे दुपारपर्यंत येणार नव्हती. माझ्याकडे न पाहता ते आईला म्हणाले, “आजी, ते तुमचं फावडं जरा मिळेल का?”

आईने दारामागून काढून दिले. “ओढायचं फक्त,” ती म्हणाली, “दगड लागला तर कुदळ मागायला या. आणि धुऊन आणा.”